नाव कोणाचे, डोके कोणाचे?

घरात टीव्ही घ्यायचा ठरला की आपल्याकडे आठ-पंधरा दिवस त्याचीच चर्चा चालते. नांदेडकर वजिराबादेत चार दुकाने फिरतात, लातूरकर गंजगोलाईला चक्कर टाकतात, मेहुण्याला फोन होतो, ऑफिसातल्या एखाद्या जाणकाराचा सल्ला घेतला जातो. शेवटी प्रश्न एकच उरतो, "कंपनी कोणती?" कंपनी चांगली म्हणजे वस्तू चांगली, असा आपला साधा हिशेब. पगारदार माणूस असो की मोंढ्यातला हमाल, पंधरा-वीस हजार रुपये तो नावाच्या भरवशावर मोजतो, आणि तेही पुष्कळदा हप्त्यावर.

पण वाचक बंधू-भगिनींनो, ज्या कंपनीचे नाव आपण इतक्या विश्वासाने घेतो, तिने तो टीव्ही बनवलेला असतो का? बनवलेला नसेल, तर निदान त्याचा आराखडा तरी तिच्या इंजिनिअरांनी काढलेला असतो का? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर पुष्कळदा "नाही" असेच येते. यात दर वेळी फसवणूक असते असे मुळीच नाही. जगाचा व्यापारच आज या पद्धतीने चालतो. मात्र तो कसा चालतो हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. एक तर त्यात पैसा आपला जातो, आणि दुसरे म्हणजे आपली मुले उद्या याच उद्योगात भाकरी शोधणार आहेत.

मराठवाड्यातलाच दाखला

यासाठी अमेरिका-जपानपर्यंत जायचे कारण नाही. तेव्हाच्या औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, पैठणकडे निघाले की वाटेत चितेगाव लागते. व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना इथलाच. कंपनीचे संस्थापक नंदलाल माधवलाल धूत. त्यांचे घराणे मूळचे साखर-कापसाच्या धंद्यातले. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात या घराण्याने रंगीत टीव्ही बाजारात आणला आणि पाहता पाहता व्हिडिओकॉन हे नाव देशभर झाले. मराठवाड्यातल्या माणसाला त्याचा अभिमान वाटे. "आपल्या औरंगाबादचा टीव्ही" असे लोक कौतुकाने सांगत.

टीव्ही औरंगाबादचा होता हे खरेच. आपल्या भागातल्या शेकडो मुलांनी तिथे काम केले. पण त्या संचाचे तंत्र जपानच्या तोशिबा कंपनीचे होते. दोघांत "तांत्रिक सहकार्याचा" करार होता. हा शब्द जाहिरातीत ऐकायला भारदस्त वाटतो. त्याचा साधा अर्थ असा की, संच कसा जोडायचा याचे नकाशे, सर्किटचे आराखडे आणि प्रशिक्षण परदेशी कंपनीने द्यायचे, आणि त्याबद्दल आपल्या कंपनीने तिला मोबदला द्यायचा. जोडणी आपली, नाव आपले, विक्री आपली. विचार मात्र दुसऱ्याचा.

व्हिडिओकॉन त्यात एकटी नव्हती. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या, त्याच वर्षी दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि रंगीत संचांची मागणी एकदम वाढली. देशातल्या कंपन्यांकडे रंगीत टीव्हीचे तंत्र पुरेसे तयार नव्हते. मग ज्याने त्याने जपानचा दरवाजा ठोठावला. मुंबईची ओनिडा, जिच्या जाहिरातीतला शिंगे आणि शेपटीवाला सैतान आपल्या पिढीला चांगला आठवत असेल, ती १९८१ साली निघाली. तिचा करार जेव्हीसी कंपनीशी होता. बीपीएलची सोबत सान्योशी होती. दुकानात तीन नावांवरून भांडणारे तीन शेजारी प्रत्यक्षात तीन जपानी कंपन्यांच्या आराखड्यांवरून भांडत होते म्हणायचे!

याला अपवादही होता. हैदराबादची ईसीआयएल ही भारत सरकारची कंपनी १९६७ साली अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली स्थापन झाली. तिचा "ईसी टीव्ही" हा कृष्णधवल संच आपल्याच इंजिनिअरांनी घडवलेला होता. नांदेडहून हैदराबाद रात्रीच्या गाडीच्या अंतरावर. म्हणजे टीव्हीचा आराखडा काढणारी माणसे एकेकाळी आपल्या इतक्या जवळ होती. पण रंगीत संचांच्या लाटेत आणि जाहिरातींच्या गदारोळात हे नाव मागे पडले.

चक्र उलटे फिरले

पुढची गोष्ट याहून गमतीची आहे. जपानच्या आराखड्यावर स्वतःचे नाव लावणारी व्हिडिओकॉन पुढे दुसऱ्यांच्या नावाने वस्तू विकू लागली. सॅनसुई आणि अकाई ही मूळची जपानी नावे. भारतात ती व्हिडिओकॉन समूहाच्या हाती आली. केनस्टार हे नावही त्याच समूहाचे. २०१० साली तर हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने भारतातल्या आपल्या टीव्हीचे नाव परवान्याने व्हिडिओकॉनला दिले. गिऱ्हाईक दुकानात जाऊन "व्हिडिओकॉन नको, सॅनसुई द्या" किंवा "आम्हाला फिलिप्सच पाहिजे" असे सांगत होते, आणि पैसे एकाच समूहाच्या गल्ल्यात जात होते.

२००५ साली याच समूहाने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन अशा देशांतले कारखाने त्यात आले. मराठवाड्यातल्या कंपनीने युरोपातले कारखाने घेतले म्हणून वर्तमानपत्रांनी कौतुक केले. पण नेमक्या त्याच काळात जगात काचेच्या जाड ट्यूबचा जमाना संपत होता आणि भिंतीवर टांगायचे पातळ एलसीडी पडदे येत होते. नव्या पडद्याचे तंत्र कोरिया, तैवान आणि जपान इथल्या कंपन्यांकडे होते. आपल्या हाती आले ते मावळते तंत्र. दुसरीकडे १९९० च्या दशकात भारतात आलेल्या सॅमसंग आणि एलजी या कोरियन कंपन्या स्वतःचे आराखडे, स्वतःच्या प्रयोगशाळा आणि पुढे स्वतःचे पडदे घेऊन बाजारात उभ्या होत्या.

व्हिडिओकॉन बुडाली ती एवढ्याच कारणाने नव्हे. मोबाइल सेवेचा धंदा, तेल-वायूतली गुंतवणूक आणि कर्जाचा डोंगर ही कारणे मोठी आहेत. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली आणि चितेगावच्या कामगारांचे जे व्हायचे ते झाले. तरीही एक धडा राहतोच. ज्याच्या हाती आराखडा, तो नव्या वस्तूकडे वळू शकतो. ज्याच्या हाती नुसती जोडणी आणि नाव, त्याला दुसरा काय देतो याची वाट पाहावी लागते.

आणि त्या थॉमसनचे काय झाले म्हणाल, तर २०१८ साली थॉमसन नावाचे टीव्ही भारतात पुन्हा आले. ते आणले नोएडाच्या सुपर प्लास्ट्रॉनिक्स या कंपनीने, नावाचा परवाना घेऊन. याच कंपनीने त्याआधी २०१६ साली कोडॅक नावाचे टीव्ही आणले होते आणि २०२१ साली जर्मनीच्या ब्लाउपुंक्ट या जुन्या नावाचेही आणले. कोडॅक म्हणजे आपल्या लग्नाच्या फोटोंचा रोल बनवणारी अमेरिकन कंपनी. ती २०१२ साली दिवाळखोरीत गेली होती. तिने आपल्या घरातला टीव्ही कधी बनवलाच नाही. नाव मात्र आपल्याला आजोबांच्या काळापासून माहीत, म्हणून हात पटकन खिशाकडे जातो.

धंद्याचे चार प्रकार

वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला खाती पाडल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा या धंद्याची चार खाती पाडून पाहू.

पहिले खाते : आराखडाही आपला, कारखानाही आपला, नावही आपले. सॅमसंगचे बरेच टीव्ही आणि फोन या खात्यात बसतात. तरीही त्यांचे काही स्वस्त फोन चिनी आराखडाकार कंपन्या करून देतात, हे लक्षात ठेवावे.

दुसरे खाते : आराखडा नावाच्या मालकाचा, कारखाना दुसऱ्याचा. ॲपलचा आयफोन हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्याची कल्पना आणि रचना अमेरिकेत होते आणि जोडणी फॉक्सकॉनसारख्या तैवानी कंपन्यांच्या चीन आणि भारतातल्या कारखान्यांत होते. अलीकडे टाटांचे कारखानेही त्यात आले आहेत.

तिसरे खाते : आराखडाही कारखानदाराचा, आणि नाव तेवढे दुसऱ्याचे. या पद्धतीला धंद्यात "ओडीएम" म्हणतात. जगातले बहुसंख्य लॅपटॉप तैवानच्या क्वांटा, कॉम्पल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक, पेगाट्रॉन अशा मोजक्या कंपन्यांकडून येतात. त्यांची नावे आपण कधी ऐकत नाही, पण त्यांनी केलेल्या लॅपटॉपवरची नावे आपल्या मुलांना पाठ असतात. स्वस्त मोबाइलच्या बाबतीत हेच काम चीनच्या हुआचिन, लाँगचीअर, विंगटेक अशा कंपन्यांनी केले.

चौथे खाते : नाव भाड्याने. वर सांगितलेले कोडॅक आणि थॉमसन या खात्यातले. मूळ कंपनी नाव देते आणि ठरलेले शुल्क घेते. बाकी सारे परवाना घेणारा करतो.

आपल्या देशातही तिसऱ्या खात्यातल्या कंपन्या वाढल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे. १९९३ साली निघालेली नोएडाची डिक्सन टेक्नॉलॉजीज अनेक नामांकित कंपन्यांसाठी टीव्ही जोडते. शाओमीचे टीव्ही २०१८ पासून तिने तिरुपतीच्या कारखान्यात जोडायला घेतले. एलईडी दिवे आणि सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशिन यांचे तर आराखडेही ती स्वतः करून इतरांना पुरवते. अंबर एंटरप्रायझेस ही कंपनी एसी बनवते. जानेवारी २०१८ मध्ये तिचे शेअर बाजारात आले, तेव्हाच्या माहितीपत्रकात तिच्या गिऱ्हाइकांमध्ये डायकिन, हिताची, एलजी, पॅनासोनिक, व्होल्टास, व्हर्लपूल, गोदरेज अशी नावे होती. दुकानात एकमेकांचे हाडवैरी असलेले ब्रँड कारखान्यात असे एका पंगतीला बसलेले असतात.

टीव्हीच्या पोटात डोकावले तर चित्र आणखी स्पष्ट होते. संचाच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा पडद्याचा, आणि पडदा बहुतेक चीन, तैवान किंवा कोरियाचा. आतली चिप पुष्कळदा तैवानच्या मीडियाटेकची. ती चिप विकणारी कंपनी नुसती चिप देत नाही, तिच्याभोवतीचे सर्किट कसे मांडावे याचा तयार नमुनाही देते. वरची प्रणाली बहुतेक गूगलची. मग ज्याचे नाव पुढे चमकते त्याने काय केले? कोणता पडदा घ्यायचा, आवाज कसा ठेवायचा, किंमत किती, जाहिरात कोणाची आणि दुरुस्तीचे केंद्र कुठे, हे त्याने ठरवले. हे कामही महत्त्वाचेच आहे. मात्र त्याला "टीव्ही घडवणे" म्हणणे जरा जास्तच होईल.

दुसऱ्याच्या डोक्यावर किती दिवस?

मोबाइलच्या बाजाराने हा धडा आपल्या डोळ्यांसमोर गिरवला. मायक्रोमॅक्स, कार्बन, लाव्हा ही भारतीय नावे २०१०नंतरच्या काही वर्षांत गावोगाव पोचली. २०१४-१५ च्या सुमारास मायक्रोमॅक्स सॅमसंगशी टक्कर देत होती. त्यांचे बरेचसे फोन मात्र चीनमध्ये आखलेले आणि बनलेले होते. अशा भारतीय कंपन्यांना माल पुरवणारी जिओनी ही चिनी कंपनी २०१३ साली स्वतःचेच नाव घेऊन भारतात उतरली. पाठोपाठ इतर चिनी कंपन्या आल्या आणि आपल्या नावांची दुकाने हळूहळू रिकामी झाली. जिओनीही पुढे २०१८ साली दिवाळखोरीत गेली, म्हणजे नुसता आराखडा असून सारे भागते असेही नाही. पण ज्याच्याकडून आपण विचार उसना घेतो, तो उद्या आपल्याच दारात दुकान मांडू शकतो, एवढे यातून कळते.

आणि २०१६ सालचा तो २५१ रुपयांचा फोन आठवतो का? नोएडाच्या रिंगिंग बेल्स कंपनीने "फ्रीडम २५१" म्हणून मोठा गाजावाजा केला. आपल्या वस्त्यांमधली पोरेही नोंदणीसाठी मोबाइल घेऊन बसली होती. पत्रकारांच्या हाती जो नमुना दिला, त्यावर ॲडकॉम या दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाने झाकलेले निघाले. नखाने खरवडले की खालचे नाव दिसे! नाव आणि वस्तू यांतले अंतर याहून स्वच्छ कोणी दाखवले नसेल.

पैसा कुठे मुरतो?

आता हिशेबाच्या मुद्द्याकडे येऊ. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील अभ्यासकांनी २००७ साली ॲपलच्या आयपॉड या गाणी ऐकायच्या यंत्राचा जमाखर्च मांडला. २००५ साली निघालेल्या ३० जीबीच्या आयपॉडची दुकानातली किंमत होती २९९ डॉलर. त्यातले सुमारे ८० डॉलर ॲपलला. सुमारे ७५ डॉलर घाऊक आणि किरकोळ विक्रेत्यांना. आतल्या तोशिबाच्या हार्ड डिस्कचे सुमारे ७३ डॉलर. आणि चीनमधल्या कारखान्यात सारे भाग जोडून तपासणी करण्याचे? चार डॉलरच्याही आत. ज्यांनी रात्रपाळ्या करून ते यंत्र जोडले, त्या शेकडो हातांचा मिळून वाटा शेकड्याला दोनसुद्धा भरत नाही.

याच आयपॉडची आपल्या जवळची एक बाजू आहे. २००१ सालच्या पहिल्या आयपॉडची चिप आणि मूळ ढाचा पोर्टलप्लेअर नावाच्या छोट्या कंपनीकडून आला होता. तिचे मुख्यालय कॅलिफोर्नियात आणि बरेचसे इंजिनिअर हैदराबादेत. जगाने ॲपलचे नाव घेतले आणि हैदराबादच्या त्या मुला-मुलींना कोणी ओळखले नाही. तरी त्यांना इंजिनिअरचा पगार मिळाला आणि हाती विद्या राहिली. जोडणीच्या पट्ट्यावर बसलेल्याच्या हाती पाळी संपल्यावर काय राहते?

नाव एकाचे आणि घडवणारे दुसरेच, हा अनुभव आपल्या वाचकांना नवा नाही. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या महागड्या कंपनीने फॅशनच्या कार्यक्रमात जी पायताणे दाखवली, ती थेट कोल्हापुरी चपलेसारखी होती आणि सुरुवातीला कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर कंपनीने ते मूळ मान्य केले. ओरड करायला आधार होता, कारण कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेले होते आणि संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ त्याच्या धारकांपैकी एक आहे. पिढ्यान्‌पिढ्या कातडे कमावून, वादी विणून ज्यांनी तो आकार घडवला, त्यांची नोंद कागदावर होती म्हणून ते बोलू शकले. टीव्हीच्या सर्किटाचे काय आणि चपलेच्या वादीचे काय, आराखडा ही संपत्तीच आहे. ज्याची नोंद, त्याचा हक्क.

मागची चिठ्ठी वाचा

आता घरच्या व्यवहाराचे बोलू. वस्तूच्या पुढच्या बाजूला नाव असते आणि खरी कुंडली मागे किंवा खोक्यावर असते. अक्षरे बारीक आणि बहुधा इंग्रजीत असतात, म्हणून आपण ती वाचत नाही. चष्मा लावून वाचावीत, किंवा शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्यावीत. तीन-चार गोष्टी तेवढ्या पाहायच्या.

"मॅन्युफॅक्चर्ड बाय" असे लिहिलेल्यापुढे कारखानदाराचे नाव आणि पत्ता असतो. "मार्केटेड बाय"पुढे विकणाऱ्या कंपनीचे नाव असते. माल बाहेरून आलेला असेल तर "इम्पोर्टेड बाय" आणि मूळ देश दिलेला असतो. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे बंद खोक्यावर ही माहिती, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क देणे बंधनकारक आहे.

याशिवाय भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि त्याच्याजवळ "आर" या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असतो. टीव्ही, मोबाइल, चार्जर, पॉवर बँक, एलईडी बल्ब अशा वस्तूंना सरकारच्या २०१२ च्या आदेशापासून टप्प्याटप्प्याने ही नोंदणी सक्तीची झाली. ध्यानात घ्या, हा क्रमांक नुसत्या नावाला मिळत नाही, तो त्या विशिष्ट कारखान्याला मिळतो. मोबाइलवर ब्युरोचे "बीआयएस केअर" ॲप घेऊन त्यात हा क्रमांक टाकला की वस्तू कोणत्या कारखान्याची ते कळते. क्रमांक खोटा असेल तर तेही कळते. रस्त्यावरचे चार्जर घेताना हे जरूर करावे. स्वस्तातल्या चार्जरने घर पेटल्यावर वाचलेले दीडशे रुपये काय कामाचे?

जबाबदार कोण?

आमच्या कार्यालयात काम करणाऱ्या एका ताईंनी भिशीचे पैसे जमवून टीव्ही घेतला. नाव जुने आणि विश्वासाचे. आठव्या महिन्यात पडदा काळा पडला. दुकानदार म्हणाला, "केंद्राला फोन करा." केंद्रवाला म्हणाला, "आम्ही फक्त दुरुस्ती करतो, कंपनीला विचारा." कंपनीच्या माणसाने सांगितले, "ताई, माल आमचा नाही, तो दुसऱ्या कारखान्याचा. त्यांच्याकडून सुटा भाग आला की बघू." दोन महिने हेच. पोरे शेजारच्या घरी जाऊन टीव्ही पाहत होती.

मग त्यांच्यासोबत बसून खोक्यावरचे दोन्ही पत्ते उतरवून काढले आणि दोन्हीकडे रजिस्टर पत्रे पाठवली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. पत्रात कायद्याचे एकच वाक्य मराठीत समजावून लिहिले होते. तीन आठवड्यांत पडदा बदलून मिळाला.

ते वाक्य प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २ मध्ये "उत्पादक" कोण ते सांगितले आहे. वस्तू बनवणारा उत्पादक आहे, भाग जोडणारा उत्पादक आहे, आणि दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर जो स्वतःची निशाणी लावतो किंवा लावायला सांगतो, तोही उत्पादकच आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यातही हीच तरतूद होती. तेव्हा "आम्ही फक्त नाव दिले" हे उत्तर ग्राहकापुढे चालत नाही. नावाचे पैसे घेतले, तर नावाची जबाबदारीही घ्यावी लागते.

हेल्पलाइनने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. नांदेडलाही आहे, लातूरलाही आहे. आपण जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, कंपनीच्या गावी मुंबई-नोएडाला जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील केलाच पाहिजे असेही नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. त्यासाठी पक्के बिल, वॉरंटीचे कार्ड आणि वस्तूच्या मागच्या चिठ्ठीचा फोटो हे तीन कागद जपून ठेवावेत. दुकानदार "बिल नको असेल तर पाचशे कमी करतो" म्हणाला, तर त्या पाचशे रुपयांत आपण आपला हक्क विकतो आहोत हे समजावे.

आपली मुले कोणत्या टेबलावर?

शेवटचा मुद्दा आई-वडिलांसाठी. आपला भाग शिक्षणात मागे नाही. "लातूर पॅटर्न"चे नाव राज्यभर आहे. नांदेडला श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे. दोन्ही शहरांत शासकीय तंत्रनिकेतने आहेत. पण घराघरांत बोलणे दोनच गोष्टींचे चालते, डॉक्टर किंवा सरकारी नोकरी. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेला मुलगा दुकानात मोबाइल दुरुस्त करतो किंवा पुण्या-चाकणला जोडणीच्या पट्ट्यावर कंत्राटी लागतो. दोन्ही कामे प्रामाणिक आहेत. परंतु वरच्या जमाखर्चात पैसा आणि विद्या जिथे मुरते, ते टेबल वेगळे आहे, आणि ते आपल्या मुलांना कोणी दाखवत नाही.

ते टेबल परक्या देशातच आहे असेही नाही. जगातल्या चिप आखणाऱ्या इंजिनिअरांपैकी सुमारे २० टक्के भारतात आहेत असे केंद्र सरकार सांगते. क्वालकॉम, मीडियाटेक, सॅमसंग यांच्या आराखडा-कचेऱ्या बंगळूर, हैदराबाद, नोएडा इथे आहेत. म्हणजे आपल्या टीव्ही-मोबाइलच्या पोटातला काही विचार या देशातल्याच कोणाच्या तरी मुलीने केलेला असतो. ती मुलगी आपल्या वस्तीतली का असू नये?

त्यासाठी काय करावे? दहावी-बारावीत गणित-भौतिकशास्त्र सोडू देऊ नये. पदविकेनंतर मुलाला लगेच कामाला न जुंपता थेट दुसऱ्या वर्षाच्या अभियांत्रिकी प्रवेशाची वाट दाखवावी. सर्किट आखण्याचे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर मिळते, ते शिकण्यासाठी वस्तीतल्या वाचनालयात एक जुना संगणक ठेवला तरी सुरुवात होते. वर्गणी काढून आपण कितीतरी कार्यक्रम करतो. त्यातला एक भाग दोन-चार सोल्डरिंग गन, मल्टिमीटर आणि पुस्तकांवर खर्च करायला कोणाची हरकत असेल असे वाटत नाही.

आणि एवढे जमेपर्यंत घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूपासून शिक्षण सुरू करता येईल. नवा टीव्ही असो, मिक्सर असो की मोबाइल, खोका भंगारात देण्यापूर्वी मुला-मुलींना शेजारी बसवा. पुढचे नाव वाचायला लावा, मग मागची चिठ्ठी वाचायला लावा. कारखाना कुठला, विकणारा कोण, देश कोणता, हे एका वहीत लिहून घ्यायला सांगा. आराखडा कोणाचा, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. मुलांनी तोच प्रश्न विचारला, तर त्यांचा अभ्यास योग्य वाटेला लागला असे खुशाल समजावे.